छत्रीवालीची मान

१

शनिवारी बँकेचं अर्ध्या दिवसाचं काम आटोपलं की अश्विनी मंचरहून स्कूटीवर निघायची. निमगाव सावाला पोचायला पाऊण तास लागायचा. कुलूप काढायचं, खिडक्या उघडायच्या, अंगण झाडायचं आणि मग एकेक खोली आवरायला घ्यायची. तिची सख्खी आत्या झुंबरबाई जाऊन तीन महिने झाले होते. आत्याला मूलबाळ नव्हतं. घर ती अश्विनीच्या नावावर करून गेली होती, आणि त्या घराचं काय करायचं हे अश्विनीनं दहाव्याच्या दिवशीच ठरवून टाकलं होतं.

समोरची खोली दवाखान्याला द्यायची. आदेश डॉक्टर नारायणगावहून आठवड्यातून दोनदा यायचा आणि देवळाच्या ओट्यावर बसून पेशंट तपासायचा. त्याला चार भिंती आणि एक पंखा मिळाला असता तर तो रोज यायला तयार होता. पाडव्याला दवाखाना सुरू, असा शब्द अश्विनीनं दिला होता. एकदा शब्द दिला की ती मागं फिरत नसे. पाडव्याला आता पाच आठवडे उरले होते.

अडचण एकाच गोष्टीची होती. समोरच्या खोलीत भिंतभर काचेचं कपाट होतं. आत्याचे यजमान सोमाजीमामा बावीस वर्षं मालवाहू जहाजावर आचारी होते. सुट्टीवर येताना ते पेटीत कापसात गुंडाळून चिनी मातीच्या बाहुल्या आणायचे. घेरदार झग्यातल्या गोऱ्या बायका, कोकरू घेतलेली मेंढपाळीण, टोपलीवाला कोळी, नाचणारी जोडपी, छत्री धरलेली एक मुलगी. सगळ्या वीतभर उंचीच्या. गावात त्यांना भावल्या म्हणत. मामांना जाऊन पंधरा वर्षं झाली तरी आत्या त्या रोज पुसायची. एकूण सत्तेचाळीस होत्या.

जुन्नरचा सुदर्शन जुन्या वस्तू विकत घेऊन, दुरुस्त करून पुण्या-मुंबईच्या दुकानांना द्यायचा. रविवारी सकाळी तो मोटारसायकलवर आला. जमिनीवर टॉवेल अंथरून, भिंग काढून बसला.

"ताई, एक गंमत दाखवतो," म्हणत त्यानं फडताळातली एक बशी उचलली आणि नखानं टिचकी मारली. टण्ण. आवाज खोलीभर लांबत गेला. "अखंड वस्तू अशी बोलते. आता ही ऐका."

त्यानं मेंढपाळणीला टिचकी मारली.

टप.

"बसका आवाज आला. म्हणजे कुठंतरी जोड आहे." भिंगातून त्यानं ती सगळीकडून न्याहाळली. "हं. उजवं मनगट. काम मात्र सुरेख केलंय. नुसत्या डोळ्यांना दिसायचं नाही."

त्यानं दुसरी घेतली. टप. तिसरी. टप. दहावीपर्यंत तो मधूनमधून काहीबाही बोलत होता. विसावीनंतर त्यानं बोलणं थांबवलं. बाहेर ऊन रणरणत होतं, शेजारच्या रानात कुणीतरी कांद्याला पाणी देत होतं, आणि खोलीत फक्त तो आवाज. कुणीतरी जिभेनं चुकचुकावं तसा. सत्तेचाळीस वेळा.

"सगळ्या?" अश्विनीनं विचारलं.

"सगळ्या." त्यानं कपाळाचा घाम पुसला. "माझ्या हाताखालून हजारभर बाहुल्या गेल्या असतील, ताई. पडलेली बाहुली कशी फुटते मला ठाऊक आहे. आधी बोटं जातात, मग नाकाचा शेंडा, झग्याची झालर. इथं तसं काहीच नाही. प्रत्येकीला एकच मोड आहे, बाकी अंगावर ओरखडा नाही."

"म्हणजे काय?"

"काही नाही. मुद्दाम मोडल्यासारख्या वाटतात इतकंच." आणि तो हसला. त्या हसण्यात त्याचं मन नव्हतं.

२

सुदर्शनचं म्हणणं असं की जोड कितीही सुरेख असला तरी तो जुना होऊन पिवळा पडला आहे, गिऱ्हाईक भिंगानं बघतं आणि तिथंच भाव पाडतं. ऊन पाण्यात ठेवून जुना चिकटा विरघळवायचा, कडा साफ करायच्या, नव्या डिंकानं सांधून वरून रंग द्यायचा, मग त्यांना चांगली किंमत येईल. आत्यानं कशानं चिकटवलंय हे मात्र त्याला ओळखता येईना. त्यानं वास घेतला, नखानं खरवडून पाहिलं. सरस नव्हता, डिंक नव्हता, लाखही नव्हती.

"पाण्यात सुटेल ना?"

"पाण्यात सगळं सुटतं. कुठलं लवकर, कुठलं उशिरा."

पहिल्या खेपेला बारा न्यायच्या ठरल्या. अश्विनीची नोकरी हिशेबी. तिनं रीतसर यादी केली. सुदर्शन भिंगातून बघून सांगत गेला आणि ती लिहीत गेली. मेंढपाळीण, उजवं मनगट. कोळी, डावा खुबा. व्हायोलिनवाला, उजवी मांडी. फुलं विकणारी, डाव्या तीन बरगड्या.

"बरगड्या काय म्हणता?" ती मध्येच म्हणाली. "झग्यावर तडे आहेत असं म्हणा."

"झग्यावरच आहेत. पण बघा ना, तीन तडे, एकाखाली एक. तोंडात तेच आलं." 

छत्रीवाली, मान. असं करत बारा नावं झाली. तिनं यादी पुन्हा वाचली. ती बँकेच्या कागदावर होती, पण वाचताना हाडांच्या दवाखान्याचं रजिस्टर वाचल्यासारखं वाटलं. तिनं खाली सही केली आणि घडी करून पर्समध्ये टाकली.

एक गोष्ट मात्र तिच्या मनातून जाईना. मामा पेट्या उघडायचे तेव्हा लहानपणी तीही शेजारी बसलेली असायची. टोपलीवाला कोळी कापसातून निघाला तो दिवस तिला लख्ख आठवत होता. तिनंच तो दोन्ही हातांनी उचलून कपाटात ठेवला होता. तो अखंड होता.

आत्याच्या हातून पडला असेल, झालं. असं म्हणून तिनं कपाटाचा मधला कप्पा पुसायला घेतला.

३

पुढच्या शनिवारी ती आली तेव्हा शेजारच्या रखमाजीआबांच्या अंगणात माणसं जमली होती. आबा खाटेवर आडवे होते, डावा पाय विटा लावून सरळ ठेवलेला. त्यांची बायको साळुबाई उशाशी बसून वारा घालत होती. दोघंही सत्तरीच्या पुढची. आत्याच्या घराला आणि त्यांच्या घराला मध्ये एक शेवग्याचं झाड तेवढं होतं.

"पडलात का आबा?"

"पडलो कुटं?" आबांना वेदनांपेक्षा नवलच जास्त वाटत होतं. "काल कांद्यात उभा व्हतो. पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं आन् पाय टाकला, तर पायच न्हाई. मोडला म्हणावं तर कटकन आवाज तरी यावा. तसलं काय न्हाई. सुटल्यावानी झालं, राव. गाठ सुटावी तसं."

आदेश डॉक्टरनं नारायणगावला काढलेला एक्स-रे आणला होता. अश्विनीला बाजूला घेऊन त्यानं तो उन्हात धरला. डॉक्टर तरुण, हुशार, उगाच बडबड न करणारा. आज मात्र त्याला कुणाशी तरी बोलायचं होतं.

"आबांचा हा खुबा पूर्वी मोडला होता?"

"हो. वीसेक वर्षांपूर्वी. बेल्ह्याच्या बाजाराहून येताना बैलगाडी उलटली होती. पण चांगला जुळला. मी त्यांना पोती उचलताना पाहिलंय."

"हे टोक बघा. आता मोडलेलं हाड असेल तर त्याची कड धारदार दिसते. ही गुळगुळीत झालीय, झिजलीय. ही मोड वीस वर्षांपूर्वीचीच आहे." तो थांबला. "ती जुळलेलीच नाही, ताई. कधीच जुळली नव्हती."

"मग ते चालत कसे होते?"

डॉक्टरनं एक्स-रे पाकिटात घातला. "तेच मी त्यांना विचारणार होतो. विचारलं नाही."

घरी येऊन अश्विनीनं पर्समधली यादी काढली. दुसऱ्या ओळीवर तिची नजर थांबली. कोळी, डावा खुबा. म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडणं ही काय नवलाची गोष्ट आहे का? तालुक्यात आठवड्याला दहा मोडत असतील. तिनं यादी परत घडी करून ठेवली आणि चुलीमागचं जळमट काढायला लागली. काम करताना ती कपाटाकडं पाठ करून उभी राहिली होती, हे तिच्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं.

४

रविवारी सकाळी ती दळण घेऊन गिरणीवर गेली तर गिरणी बंद. दाराशी गिरणीवाली प्रयागबाई हात गळ्यात बांधून बसली होती. उजवा हात.

"काल चार वाजता," प्रयागबाई म्हणाली. "दळण वतत व्हते. पंजा आपसूक लोंबायला लागला. वजन न्हाई, धक्का न्हाई. बघ की, सूजसुद्धा न्हाई. ल्हानपनी मोडलं व्हतं हितंच. विहिरीच्या कठड्यावरनं पडले व्हते मी."

"मग बरं कसं झालं होतं?"

"आईनं तुज्या आत्याकडं नेलं व्हतं."

"आत्याला हाडं बसवता यायची?"

"न्हाई गं. हातसुद्धा लावला न्हाई तिनं. नुसतं बघितलं. आमाला वट्यावर बसवलं, आन् आत गेली."

अश्विनीनं दळणाचा डबा तिथंच ठेवला. किराणा दुकानाबाहेर नाण्यांवर चालणारा फोन होता. चालत निघालेली ती अर्ध्या वाटेवर पळायला लागली होती.

सुदर्शननं दुसऱ्या घंटेला उचलला. मागं नळाचा आवाज येत होता.

"किती उघडल्या आतापर्यंत?"

"दोनच. कोळी परवा सुटला, मेंढपाळीण काल. कोळ्याच्या कडा घासूनही घेतल्या. लई चिवट चिकटा आहे हो. रोज पाणी बदलावं लागतंय."

"काल किती वाजता सुटली?"

"चारच्या सुमारास. का?"

दुकानदार तिच्याकडं बघत होता. तिनं त्याच्याकडं पाठ केली.

"आता पाण्यात कोण आहे?"

"छत्रीवाली. ती आज होईल. अर्धीअधिक सुटलीच आहे. डोकं एका धाग्यावर राहिलंय म्हणा."

"बाहेर काढू नका."

"अहो, पण..."

"काढू नका आणि पाण्यातही सुटू देऊ नका. गार पाणी घाला. बोटसुद्धा लावू नका. मी येतेय."

"ताई, तुम्ही सौदा मोडताय का?"

"हो," अश्विनी म्हणाली. "मोडतेय."

५

साळुबाई अंगणात भाकरीचं पीठ मळत होती. आबा आत झोपले होते. अश्विनी तिच्यासमोर उकिडवी बसली.

"मावशी, एकच विचारते. खरं सांगा. आत्याकडं कुणी मान मोडलेलं माणूस आलं होतं का?"

साळुबाईचे हात परातीत थांबले.

"मान मोडलेलं मानूस कुटं जगतं का, पोरी?"

"आलं होतं का?"

शेवग्यावर एक कावळा येऊन बसला, उडून गेला. मग ती हळू आवाजात बोलायला लागली, आतल्या माणसाला ऐकू जाऊ नये अशी.

"वैरणीच्या गंजीवरनं पडले व्हते मी. डोक्यावर. डोळं उगडं, समदं दिसत व्हतं, पन अंग माजं न्हवतं. बाया रडाया लागल्या. तुजी आत्या आली. माज्याकडं बघितलं आन् पळत घरात गेली. मला आयकू आलं तिकडं कायतरी टिचल्याचं. बारीक. कप टिचतो तसं. मग समदं गप. मग हळूहळू पायाच्या बोटाला मुंग्या आल्या." तिनं पिठाचा हात पुसला. "म्या कदी इचारलं न्हाई. तिनं सांगितलं न्हाई. का गं?"

अश्विनीला खोटं बोलता आलं असतं. तिनं सांगितलं. छत्रीवाली जुन्नरला आहे, पाण्यात आहे, आणि मी तिला आणायला चालले आहे.

तिला वाटलं होतं मावशी हसेल, नाहीतर रडेल. साळुबाईनं परात बाजूला सारली. सरकत सरकत ती भिंतीशी गेली, पाठ टेकवली. पदर काढून मानेभोवती दोन वेढे दिले आणि दोन्ही तळहात कानांखाली लावून स्वतःचं डोकं धरून ठेवलं. भरलेली घागर धरावी तसं.

"तू जा," ती म्हणाली. ओठ जेमतेम हलत होते. "मी अशीच बसते."

६

त्या वाटेचं अश्विनीला पुढं फारसं काही आठवत नसे. उन्हात वितळलेलं डांबर, उसाची एक बैलगाडी, आणि ती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होती ते: तू शिकलेली बाई आहेस, बँकेत आहेस, आणि तू एका बाहुलीसाठी पळते आहेस. हे खोटं निघालं तर तू हसशील, आणि हसायला मिळालं तर बरंच. पण ॲक्सिलेटर तिनं सोडला नाही.

सुदर्शनचं काम एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीतल्या एका लांबट खोलीत चालायचं. कौलांत एक काच बसवलेली, तिच्यातून उजेडाचा एकच चौकोन खाली पडलेला. त्या चौकोनात निळं प्लास्टिकचं घमेलं. नळ थेंबथेंब गळत होता.

छत्रीवाली पाण्यात आडवी होती. पाणी इतकं स्थिर होतं की ती काचेत बसवल्यासारखी दिसत होती. मानेला गोल भेग पडली होती आणि त्या भेगेतून पिवळसर तंतू बाहेर आलेले होते, केसासारखे बारीक. अश्विनी वाकून बघत असतानाच त्यातला एक सुटला आणि पाण्यात सरळ उभा राहिला.

"डिंक काढा," ती म्हणाली. "आत्ता. पातळ नको, दोन ट्यूबांचा घट्ट काढा."

"जुना साफ केल्याशिवाय नवा धरणार नाही, ताई."

"जुना काढायचा नाही. जुन्यावरच लावा."

तिनं दोन्ही हात पाण्यात घातले. एका हातानं खांदे, दुसऱ्यानं डोकं. सुदर्शननं पाणी हळूहळू उपसलं, कापडानं टिपलं, आणि काडीनं भेगेत डिंक भरत गेला.

"वाळूत उभी करू. दोन तासांत पक्की होईल. रबर लावला असता, पण मध्ये छत्री येते."

"वाळू नको. मी धरते."

"दोन तास?"

"लागतील तेवढे."

ती स्टुलावर बसली. बाहुली मांडीवर, मानेभोवती तिच्या दोन्ही हातांची बोटं. सुदर्शननं कोळी आणि मेंढपाळीणही जुळवून रबर लावून ठेवले. तिनं न सांगताच. मग तो समोरच्या पेटीवर बसून राहिला. बाहेर बाजारातली माणसं ओरडत होती, एस.टी.चे हॉर्न वाजत होते. आत फक्त नळाचा थेंब.

अर्ध्या तासानं तिच्या बोटांना कळ लागली. पाऊण तासानं बोटं बधिर झाली. आणि त्यानंतर कधीतरी अंगठ्याखाली काहीतरी उडायला लागलं.

तिनं श्वास रोखला. नाडी आहे, तिनं स्वतःला सांगितलं. अंगठ्याला स्वतःची नाडी असते, दाबून धरल्यावर ती जाणवते. शाळेत शिकवलेलं आहे. ती आपले ठोके मोजायला लागली. छातीत धडधड इतकी जोरात होती की मोजणं सोपं होतं. अंगठ्याखालचं उडणं त्याच्या तालात नव्हतं. ते हळू होतं. म्हाताऱ्या माणसाचं असावं तसं, मध्येच एखादा ठोका चुकणारं.

"सुदर्शनभाऊ," ती न हलता म्हणाली. "इथं भिंग लावून बघा."

तो आला. गुडघ्यांवर बसला आणि तिच्या बोटांच्या फटीतून भिंग धरून त्यानं बाहुलीच्या तोंडाकडं पाहिलं. तिला त्याचा एक डोळा भिंगात मोठा झालेला दिसत होता. तो डोळा स्थिर होता, मग बाहुलीच्या तोंडावर काहीतरी चाललेलं असल्यासारखा डावीकडून उजवीकडं सरकला, परत आला. 

त्यानं भिंग जमिनीवर ठेवलं. पालथं.

"काय दिसलं?"

"काही नाही."

"काय दिसलं, सांगा."

"काही नाही, ताई." तो उठून भिंतीशी जाऊन उभा राहिला. तोंड भिंतीकडं. "तुम्ही धरून ठेवा. सोडू नका. काय वाट्टेल ते झालं तरी सोडू नका."

त्याच्या आवाजानं ती दचकली. अंगठा केसभर निसटला. बाहुलीचं डोकं डावीकडं किंचित वळलं, आणि ते परत सरळ करायला गेली तेव्हा डिंकानं धरलं होतं. तिनं जोर लावला नाही. जोर लावायची तिची छाती झाली नाही.

दोन तास झाले. मग तिसराही गेला. अंगठ्याखालचं उडणं कधी थांबलं ते तिला कळलं नाही. बोटंच उरली नव्हती. सुदर्शननं येऊन तिचं एकेक बोट उलगडलं. मग बाराच्या बारा बाहुल्या त्यानं कापसात गुंडाळून खोक्यात भरल्या आणि खोकं स्कूटीला दोरीनं बांधून दिलं. आगाऊ दिलेली विसाराची रक्कम परत घ्यायला तो तयार नव्हता. तिनं ती बळेच त्याच्या खिशात कोंबली.

"उरलेल्या पस्तीस विकणार असाल," तो म्हणाला, "तर मला कळवू नका."

७

दिवेलागणीला ती निमगावात पोचली. साळुबाई भिंतीशी तशीच बसलेली होती. परातीतलं पीठ वाळून भेगाळलं होतं. हात तसेच कानांखाली, डोळे मिटलेले.

अश्विनी फाटकातूनच म्हणाली, "मावशी?"

डोळे उघडले.

"आलीस?" साळुबाईनं हात खाली घेतले, हळूच, एकेक करून. डोकं जागच्या जागी राहिलं. मग तिनं अश्विनीकडं बघायला मान वळवायला घेतली, आणि ती सरळ आलीच नाही. हनुवटी डाव्या खांद्याकडं कलून राहिली. थोडीशीच. नवीन माणसाच्या लक्षातही आलं नसतं.

अश्विनीनं खोकं खाली ठेवलं आणि इतका वेळ न आलेलं रडू तिला तिथं आलं.

आबा तीन आठवड्यांत उठले. डावा पाय अर्धा इंच आखूड झाला होता, ते लंगडत चालायला लागले, पण चालायला लागले. डॉक्टरनं दुसरा एक्स-रे काढला. हाड जुळलेलं होतं, आणि वीस वर्षांपूर्वी जुळावं इतकं जुनं जुळलेलं. "हे दोन्ही फोटो एकाच माणसाचे आहेत हे मी कुणाला सांगू?" तो म्हणाला. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. प्रयागबाईची गिरणी पुन्हा सुरू झाली.

दवाखाना ठरल्याप्रमाणं पाडव्यालाच उघडला. कपाट अश्विनीनं गडी लावून आतल्या खोलीत नेलं. त्याआधी एकेक बाहुली स्वतःच्या हातानं काढून गादीवर निजवली, आणि नंतर स्वतःच्या हातानंच परत उभी केली. दाराला कुलूप लावलं. किल्ली एकच ठेवली. बढतीवर पुण्याला जायचं पत्र आलं ते तिनं नाकारलं, आणि घरच्यांना कारण सांगितलं नाही. दर शनिवारी येऊन ती बाहुल्या पुसायची, मऊ फडक्यानं, वरून खाली, श्वास रोखून.

साळुबाईशी त्या दुपारबद्दल बोलायचं धाडस तिला वैशाखात झालं. दोघी ओट्यावर शेंगा सोलत होत्या. मावशी बोलताना सवयीनं आता थोडी उजवीकडं वळून बसायची, म्हणजे समोर बघता यायचं.

"मावशी, माझ्या हातून मान वाकडी झाली. मला माफ करा."

"असू दे," साळुबाई म्हणाली. "हिकडनं रस्ता दिसतो. आलं-गेलं मानूस दिसतं." तिनं दोन शेंगा सोलल्या, टरफलं सुपात टाकली. मग हात थांबवून मानेवरून फिरवला, अगदी अंगठ्यांच्या जागी.

"पन एक इचारू का? तीन तास तू मला धरलीस, समदं खरं. पन पोरी, तुजी बोटं येवडी गार कशानं गं व्हती?"